शस्त्रक्रियेपूर्वीचा नकाशा
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आपण शिक्षणाविषयी ऐकतो. कोणी स्पर्धा परीक्षांविषयी बोलतात, कोणी मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी. आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. बी. ए., बी. एड. झालेल्या भूगोलाच्या मास्तराने पोटातील गाठी आणि त्यांच्या शस्त्रक्रिया यांविषयी बोलावे हे धाडसच होय. मी डॉक्टर नाही. परंतु आमच्या घरात हा आजार आला, त्याच्या पाठोपाठ मला मुंबईला खेपा घालाव्या लागल्या, आणि तेथे जे पाहिले व समजून घेतले ते आपल्यापुढे ठेवले नाही तर मी माझ्या पेशाशी प्रामाणिक राहिलो नाही असे मला वाटेल.

ज्यांची ही हकिकत आहे त्या माझ्या चुलत बहीण. आम्ही त्यांना आपा म्हणतो. व्याख्यानापूर्वी मी त्यांची परवानगी मागितली. दोन दिवस त्यांनी उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, "नाव घेऊ नकोस. ओळखायचे ते ओळखतीलच. पण सांग. मला कोणी सांगितले असते तर माझी पाच वर्षे वाचली असती."

पाच वर्षे

आपांना पस्तिशीपासून एक विचित्र त्रास होता. चांगल्या बसलेल्या असताना अचानक डोके ठणकू लागे, छातीत धडधड होई, अंग घामाने निथळे आणि चेहरा पांढराफटक पडे. पंधरा-वीस मिनिटांत सारे ओसरे. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत रक्तदाब बहुतेक वेळा ठीक झालेला असे. कोणी म्हणाले मनावर घेतात, कोणी म्हणाले नवरा आखातात असल्याची काळजी, कोणी म्हणाले नजर लागली. गोळ्या झाल्या, उतारे झाले, हवापालट झाला. झटके काही थांबले नाहीत.

पुढे त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. पोटाची सोनोग्राफी झाली. तिच्या अहवालात खड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती: उजव्या ॲड्रिनल ग्रंथीच्या जागी सुमारे पाच सेंटिमीटरची गाठ दिसते, पुढील तपासणी करावी. ती ओळ कोणीच मनावर घेतली नाही. रुग्णालयाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण तो अहवाल काउंटरवरून मी स्वतः घेतला होता, आणि न वाचता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता. मुलांना "प्रश्न शेवटपर्यंत वाचा" असे रोज बजावणारा मास्तर मी.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देण्यास सुरुवात होताच आपांचा रक्तदाब एकाएकी चढू लागला. वरचा आकडा २४० च्या पुढे गेला. भूलतज्ज्ञ बाई अनुभवी होत्या. त्यांनी तेथेच थांबविले, रक्तदाब उतरविणारी औषधे दिली आणि शस्त्रक्रिया रद्द करावयास लावली. बाहेर येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "यांच्या घरात कोणी असे अचानक गेले आहे का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आपांचे वडील, म्हणजे आमचे मोठे चाचा, साध्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत गेले होते. तेव्हा मी तिसरीत होतो. त्यानंतर कोणी कारण विचारले नव्हते.

ग्रंथी लहान, काम मोठे

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. एकेकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. हिच्या सालीत कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरोन वगैरे संप्रेरके तयार होतात, तर गाभ्यात ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन. वाटेत साप दिसला की आपली छाती धडधडते आणि पाय आपोआप मागे सरतात ते या गाभ्याच्या कृपेने.

आता कल्पना करा की या गाभ्यात गाठ झाली, आणि साप नसतानाही ती वाटेल तेव्हा ॲड्रिनलिन रक्तात ओतू लागली. अशा गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तिचीच बहीण शोभावी अशी गाठ ग्रंथीच्या बाहेरही होऊ शकते: मानेत, छातीत, पोटातील महारोहिणीच्या कडेने, क्वचित मूत्राशयात. तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. हे आजार फार विरळ होत. दर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला साधारण दोन ते आठ रुग्ण आढळतात. तेव्हा आज घरी जाऊन ज्याचे डोके दुखते त्याने घाबरून जाऊ नये. डोकेदुखीची कारणे शंभर असतात. परंतु डोकेदुखी, घाम आणि धडधड ही तिन्ही एकत्र व झटक्याझटक्याने येत असतील, शिवाय रक्तदाब तरुण वयात किंवा मध्येच एकदम वाढत असेल, तर मात्र डॉक्टरांना या आजाराविषयी नाव घेऊन विचारावे.

फ्रायबुर्गची मुलगी

या आजाराच्या इतिहासातील एक गोष्ट मला विसरता येत नाही. १८८६ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फेलिक्स फ्रेंकेल नावाच्या डॉक्टरांनी एका अठरा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. तिला धडधडीचे आणि डोकेदुखीचे झटके येत, आणि त्यातच ती दगावली. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींत गाठी सापडल्या. या आजाराला आजचे नाव १९१२ साली लुडविग पिक यांनी दिले. पण खरी कथा पुढे आहे. १२० वर्षांनंतर संशोधकांनी त्या मुलीच्या कुटुंबाचा माग काढला आणि २००७ साली जाहीर केले की तिच्या हयात नातलगांपैकी काहींत एक आनुवंशिक दोष आहे. म्हणजे ज्या कारणाने ती मुलगी गेली ते कारण घराण्यात मुकाट्याने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला मोठ्या चाचांची आठवण झाली. त्याविषयी पुढे बोलेन.

उघडून पाहण्यापासून पाहून उघडण्यापर्यंत

अशी गाठ कापून काढता येते हे १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी दाखवून दिले. पण त्या काळी गाठ नेमकी कोठे आहे हे पोट उघडूनच शोधावे लागे. त्यानंतरही कित्येक वर्षे शल्यचिकित्सक पोटावर आडवा मोठा छेद घेत आणि डावीकडे, उजवीकडे, महारोहिणीच्या कडेने हाताने चाचपत. ज्या गाठीला धक्का लागताच रक्तदाब उसळतो तिला चाचपून शोधावयाचे! यात किती धोका होता हे आपण समजू शकता.

भूगोलाच्या भाषेत सांगावयाचे तर नकाशाशिवाय रात्री घाटात शिरण्यासारखे ते होते.

नकाशा कसा मिळाला तेही पाहू. १८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. हाड दिसू लागले, पण साध्या क्ष-किरण चित्रात सर्व अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि ॲड्रिनलसारखी मऊ, खोलवरची ग्रंथी त्यात हरवते. खरा पालट सी. टी. स्कॅनने केला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ साली त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक त्यावरून शरीराच्या आडव्या चकत्यांची चित्रे तयार करतो, जणू पावाच्या लादीचे पातळ काप. आजच्या यंत्रांत हे काप मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असू शकतात. काप एकावर एक रचले की पूर्ण उठावाचे चित्र उभे राहते. शाळेत आपण समोच्च रेषांवरून डोंगर ओळखतो ना, तसेच.

शिवाय प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यात मिळते. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार. या मापाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. ॲड्रिनलमधील पुष्कळ निरुपद्रवी गाठींत चरबी असते, म्हणून शिरेतून औषध देण्यापूर्वी त्यांचा आकडा बहुधा दहाच्या खाली येतो. फिओक्रोमोसायटोमाचा सहसा दहाच्या वर असतो. हा आकडा एकट्याने निकाल देत नाही, पण दिशा दाखवितो.

दुसरा नकाशा एम. आर. आय. चा. यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी यांचा उपयोग होतो. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांना वारंवार तपासणी करावी लागते त्यांच्यासाठी तो सोयीचा. गाठ रक्तवाहिनीला नुसती टेकली आहे की तिच्यात शिरली आहे हेही त्यातून चांगले कळते. ॲड्रिनलच्या सालीचा कर्करोग हा आणखी एक विरळ आजार आहे. तो शिरेतून वाढत जाऊन हृदयाकडे रक्त नेणाऱ्या अधोमहाशिरेत घुसू शकतो. ते आधी कळले नाही तर टेबलावर अनर्थ होईल.

तिसरा नकाशा मला सर्वांत विलक्षण वाटला. घाटमाथ्यावरून रात्री खाली पाहिले तर डोंगर दिसत नाहीत, पण वाड्यावाड्यांतले दिवे दिसतात. कोठे वस्ती आहे ते दिव्यांवरून कळते. तसेच येथे. या गाठींच्या पेशींना जे द्रव्य ओढून घेण्याची सवय असते, त्यासारखेच द्रव्य अल्पशा किरणोत्सारी अणूची खूण लावून शिरेतून देतात. ते गाठीत जाऊन बसते आणि यंत्राला तेथे दिवा लागलेला दिसतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एम. आय. बी. जी. नावाचे असे द्रव्य तयार झाले. त्यात आयोडीनचा किरणोत्सारी अणू असतो. आता गॅलियमचा अणू लावलेले डोटाटेट हे द्रव्य देऊन पेट स्कॅन करतात. या गॅलियमचे अर्धे आयुष्य अवघे ६८ मिनिटांचे, त्यामुळे तो अंगात फार काळ टिकत नाही. अर्थात दिवा दिसला म्हणजे गाठच असे नाही. प्लीहा, मूत्रपिंडे, मूत्राशय हे निरोगी अवयवही उजळतात. म्हणून दिव्यांचे चित्र सी. टी. च्या चित्रावर ठेवून दोन्ही मिळून वाचतात.

आपल्याकडे हे सारे परदेशातच होते असे कोणी समजू नये. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि तेथेच जवळ टाटा व के. ई. एम. ही रुग्णालये आहेत.

आपांचा नकाशा

मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र आधी चित्र काढले नाही. त्यांनी प्रथम रक्त आणि चोवीस तासांची लघवी तपासली. ॲड्रिनलिनचे शरीरात जे पदार्थ बनतात, मेटानेफ्रिन नावाचे, त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले निघाले. आधी रसायन, मग चित्र, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा सी. टी. केला तरी शंभरात चार-पाच लोकांच्या ॲड्रिनलमध्ये काही ना काही गाठ दिसते, आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. असा संशय असताना गाठीत सुई घालून तुकडा काढावयाचा नाही. सुईच्या टोचण्यानेही ॲड्रिनलिनचा लोंढा सुटू शकतो.

मग सी. टी. झाला. एके दिवशी शल्यचिकित्सकांनी मला संगणकासमोर बसविले. मी भूगोल शिकवितो हे त्यांना कळले होते. म्हणाले, "सर, नकाशा वाचा." एकेक काप पुढे सरकत होता. यकृत आले, मूत्रपिंडाचा माथा आला, आणि त्यांच्यामध्ये अधोमहाशिरेच्या मागे दडलेली लिंबाएवढी गाठ आली. त्यांनी सांगितले की उजव्या ॲड्रिनलची शीर जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते आणि ती सरळ या महाशिरेत उघडते. डावीकडची शीर लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. म्हणून उजवी बाजू अवघड. चिमटा कोठे लावावयाचा, त्यासाठी किती जागा आहे, हे टेबलावर नव्हे, येथे ठरते.

तोवर त्यांचा बेत असा होता की पाठीच्या बाजूने लहान छिद्रे करून दुर्बिणीने गाठ काढावी. ॲड्रिनल दुर्बिणीने काढण्याची पद्धत १९९२ पासून रूढ झाली आहे. लहान गाठींना ती उत्तम. फार मोठ्या किंवा आजूबाजूला घुसलेल्या गाठींना पोट उघडणेच बरे. मात्र मोठ्या चाचांची हकिकत कळल्यामुळे त्यांनी संपूर्ण शरीराचा पेट स्कॅनही करावयास सांगितला. आमच्यातले काही कुरकुरले. गाठ तर सापडली, मग आणखी खर्च कशाला?

त्या चित्रात दुसरा दिवा दिसला. बेंबीच्या मागे, महारोहिणीच्या पुढ्यात, दोन सेंटिमीटरची आणखी एक गाठ. सी. टी. च्या कापांत ती आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये होती, आणि ग्रंथीवरच नजर असल्याने सहज सुटली असती. पाठीतून गेले असते तर तेथे हात पोहोचला नसता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे आम्ही समजलो असतो, पेढे वाटले असते, आणि झटके पुन्हा सुरू झाले असते. सारा बेत बदलला. पाठीऐवजी पुढून जाण्याचे ठरले, म्हणजे एकाच वेळी दोन्ही गाठी निघतील. डावी ग्रंथी चित्रात निरोगी दिसत होती. म्हणून उजवी पूर्ण काढली तरी चालणार होते. दोन्हीकडे गाठी असत्या तर निरोगी सालीचा थोडा भाग राखण्याचा प्रयत्न करावा लागला असता. नाही तर रुग्णाला जन्मभर संप्रेरकाच्या गोळ्यांवर राहावे लागते.

घाई करावयाची नाही

नकाशा तयार झाला तरी डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली नाही. दोन आठवडे थांबविले. घरी फोनवर फोन येत होते की गाठ काढत का नाहीत, पैसे कमी पडतात का. कारण असे की अशा रुग्णाच्या रक्तवाहिन्या सतत आवळलेल्या असतात. आधी त्या सैल करणारे, अल्फा अवरोधक म्हणतात ते औषध हळूहळू वाढवीत निदान एक-दोन आठवडे द्यावे लागते, आणि भरपूर पाणी व मीठही. हृदयाची गती आवरणारे बीटा अवरोधक नंतर द्यावयाचे, आधी कधीच नाही. उलटा क्रम झाला तर रक्तदाब भडकतो. रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर मीठ खा म्हणतात हे पाहून चाची चकित झाल्या होत्या.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. पहिली शीर बांधताच रक्तदाब उतरू लागला. तो उतरणार हे भूलतज्ज्ञांना ठाऊक होते, औषध आणि सलाईन तयार होते. आपा सहाव्या दिवशी घरी आल्या. पित्ताशयाचे खडे पुढे सहा महिन्यांनी काढले. त्या वेळी रक्तदाब जागचा हलला नाही.

दुसरा नकाशा, घराण्याचा

पालकहो, येथे माझे व्याख्यान संपविता आले असते. पण जे बोलण्यासाठी मी उभा आहे ते पुढेच आहे.

या गाठी झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक लोकांत आनुवंशिक दोष सापडतो. आई किंवा वडिलांकडून तो आला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. म्हणून आपांच्या रक्ताची जनुक तपासणी झाली. दोष निघाला. डॉक्टरांनी कागद घेतला आणि घराण्याचा वृक्ष काढावयास सांगितले. कोण, कोणाचा, कोणत्या वयात, कशाने गेला. मोठ्या चाचांच्या चौकटीत त्यांनी प्रश्नचिन्ह लिहिले. ते चिन्ह आमच्या घरावर सत्तावीस वर्षे उभे होते. फक्त आम्ही वर पाहिले नव्हते.

घरी आल्यावर चाचींनी स्पष्ट सांगितले, "आता हे कोणाला कळता कामा नये. पोरींची लग्ने व्हायची आहेत." मी त्यांना दोष देत नाही. स्थळ पाहावयास येणारे काय विचारतात आणि काय कुजबुजतात हे आपण सारे जाणतो. त्याच आपणांतलेच कोणी तरी ते विचारतात. परंतु दडविल्याने रक्तातला दोष जात नाही, फक्त डॉक्टरांच्या नजरेआड होतो. आणि मग मुलगी बाळंतपणाला जाते, किंवा मुलगा हर्नियाच्या टेबलावर जातो, आणि भूल देणाऱ्याला काहीच ठाऊक नसते.

मी इतरांना हे समजावीत होतो, पण स्वतः सहा महिने माझ्या वडिलांना तपासणीसाठी म्हटले नाही. मोठे चाचा त्यांचे सख्खे भाऊ. त्यांच्यात दोष असला तर माझ्यात असू शकतो, माझ्या लेकरांत असू शकतो. कळून घेण्याची भीती वाटत होती. शेवटी त्यांनीच विचारले, "माझे रक्त कधी घ्यायचे? मी सत्तरीचा, मला कसले स्थळ बघायचे आहे?" त्यांच्यात दोष निघाला नाही. म्हणून आमच्या शाखेला पुढे तपासणीची गरज उरली नाही. आपांच्या भावात मात्र तो निघाला. त्याला आज कोणतीही गाठ नाही. वर्षातून एकदा रक्त तपासतात आणि दर दोन-तीन वर्षांनी एम. आर. आय. करतात. तो कामावर जातो, घर चालवितो. गाठ झालीच तर ती वाटाण्याएवढी असताना सापडेल, पाच सेंटिमीटरची होऊन नव्हे. आपांची थोरली मुलगी दोषमुक्त निघाली. धाकटीची तपासणी अद्याप झालेली नाही. घरात त्यावर एकमत नाही. आपा म्हणतात करू, चाची म्हणतात लग्नानंतर पाहू. मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिला अजून कोणी विचारलेले नाही.

आपण काय करावे

आपल्यासाठी चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, कोणत्याही तपासणीचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. समजला नाही तर डॉक्टरांना विचारा. त्यात लाज नाही. जुन्या फिल्म आणि सी. डी. जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांकडे न्या. जुन्या व नव्या नकाशाची तुलना केल्यावरच गाठ वाढते आहे की नाही हे कळते.

दुसरी, तपासणीपूर्वी काही लपवू नका. गरोदरपण असेल तर सांगा. मूत्रपिंडाचा विकार, औषधाची ॲलर्जी, शरीरात बसविलेला धातू किंवा पेसमेकर असेल तर सांगा. चालू असलेल्या गोळ्यांची यादी द्या, कारण काही गोळ्यांनी या तपासण्यांचे निकाल बिघडतात.

तिसरी, वहीच्या मधल्या पानावर आपल्या घराण्याचा वृक्ष काढा. मुलांकडून काढून घ्या. आजी-आजोबांना विचारून कोण कोणत्या वयात व कशाने गेले ते लिहा. येत्या सुट्टीत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मी हाच प्रकल्प देणार आहे. तो वर्गात वाचून दाखवावयाचा नाही. घरी कपाटात ठेवावयाचा आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरांना दाखवावयाचा.

चौथी विद्यार्थ्यांसाठी. आपांच्या शस्त्रक्रियेमागे केवळ शल्यचिकित्सक नव्हता. चित्र काढणारा तंत्रज्ञ होता, ते वाचणारी क्ष-किरणतज्ज्ञ होती, किरणोत्सारी द्रव्य बनविणारे रसायनशास्त्रज्ञ होते, लघवी तपासणारी प्रयोगशाळेतील मुलगी होती. बारावी शास्त्र शाखेनंतर वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही म्हणून निराश होणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. वैद्यकीय चित्रणाचे तंत्रज्ञान हाही मानाचा आणि कामाचा अभ्यासक्रम आहे. आणि भूगोलाचा तास कंटाळवाणा वाटला तर एवढे आठवा की ज्याला आडव्या छेदावरून डोंगर ओळखता येतो त्याने या कामाची पहिली पायरी चढलेली असते.

शेवटी एकच. मोठे चाचा गेले तेव्हा हे सारे ज्ञान जगात होते. सी. टी. होता, औषधे होती. आमच्यात नव्हती ती विचारण्याची सवय. ती लावण्यासाठीच आपली ही संस्था आहे असे मी समजतो.

व्याख्यान संपले की आपांची धाकटी मुलगी मला भेटणार आहे. ती याच सभागृहात बसली आहे. तिने काल मला विचारले होते, "मामू, माझ्याविषयी बोलणार आहात तर आधी मला नीट सांगा ना, हे आहे तरी काय?" आज मी जे बोललो ते तिला दिलेले उत्तरच आहे. पुढचा निर्णय तिच्या आईवडिलांबरोबर बसून, तिलाही विचारून घ्यावा, एवढीच माझी चाचींना आणि आपणा सर्व पालकांना विनंती आहे.